उरलेले दहा क्विंटल कुणाचे?

पावसाळ्यात लोहारा तालुक्यातल्या कोणत्याही शिवारात जा, नजर जाईल तिथवर सोयाबीन. चाळीसेक वर्षांपूर्वी याच भागात तेलबिया म्हटलं की करडई, जवस, कारळे, तीळ, भुईमूग अशी नावं निघत. आता तेलबियांची रास मोठी झालीय, यात वाद नाही. पण ती कशामुळे मोठी झाली, हे उकलणारं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं आहे.

समजा, पेरा १० एकर आणि एकरी उतारा ५ क्विंटल. रास झाली ५० क्विंटल. पुढे पेरा २० एकरांवर गेला, उतारा ६ वर. रास १२०. म्हणजे वाढ ७० क्विंटलची. त्यातले ५० नुसत्या वाढीव रानाचे. जुन्या १० एकरांत एकेक क्विंटल जास्त पडला, ते १०. मग उरलेले १० कुणाचे? एकट्या रानाचे नाहीत, एकट्या उताऱ्याचेही नाहीत. नव्या रानात नवा उतारा पडला म्हणून ते आले. कृषी अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षांच्या आकड्यांची वाटणी अशीच करतात.

या आकड्यांत चकवेही आहेत. १९७२च्या दुष्काळापासून मोजायला सुरुवात केली, तर पुढची कुठलीही वाढ डोळे दिपवते; म्हणून सगळ्या वर्षांचा मिळून कल काढायचा. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि एकाही शेतकऱ्याने पीक न बदलता उस्मानाबादचा पेरा कागदावर आक्रसला!

शिवाय रान काही रबरासारखं ताणत नाही. एका पिकाचा पेरा वाढतो तो बहुधा दुसऱ्याचा घटतो म्हणून. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, मुळांच्या गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतला नत्र मिळवतं, मळणीयंत्रातून झटपट पोत्यात येतं आणि मागे हरभऱ्याला रान मोकळं करून देतं. खरीप त्याने घेतला, रब्बीत हरभरा पसरला आणि करडई मागे सरली. तीच करडई, जिचं सोटमूळ काळ्या मातीत खोल उतरून पावसाळ्याची उरलेली ओल शोषतं. जिच्या काट्यांमुळे ज्वारीच्या कडेने तिचे पाटे पेरले की गुरं आत शिरायला धजत नाहीत. जी पहाटे दवाने काटे मऊ असतानाच काढावी लागते.

आता खरी गंमत. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के, करडईत ३० टक्क्यांच्या आसपास. एकरी ८ क्विंटल सोयाबीन पिकलं आणि शेजारी ५ क्विंटल करडई, तर उताऱ्यात सोयाबीन सरस. तेलाच्या हिशेबात मात्र दोन्हीकडे दीड क्विंटलच! सोयाबीनचा उरलेला मोठा भाग म्हणजे प्रथिनांनी भरलेली पेंड, कोंबड्यांच्या खाद्याला मोठी मागणी असलेली. सोयाबीन हे खरं तर प्रथिनांचं पीक, तेलबियांच्या रकान्यात बसलेलं.

आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. म्हणून पेरा, रास आणि उतारा या तीन रकान्यांशेजारी चौथा हवा: एकरी तेल. तो भरला, तर मागे सरलेल्या करडईकडे आपण नक्कीच वेगळ्या नजरेने पाहू.