घरात भाषा तीन, प्रार्थना एक

दिवेलागणीची वेळ आपल्या सीमाभागातल्या घरांत पूर्वी ठरलेली असे. कुठे शुभंकरोती, कुठे बसवण्णांची वचने, तर आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची प्रार्थना. आता त्याच वेळेला मुलांचे क्लास, टीव्हीवरच्या मालिका आणि हातातला मोबाइल असतो. श्रद्धा कुणी सोडलेली नसते. एकत्र बसणे तेवढे सुटते.

आमच्या घरी प्रार्थना सांभाळली ती सासूबाईंनी. त्या कन्नडमधून प्रार्थना करायच्या आणि भजन मात्र मराठीत, रेव्हरंड टिळकांचे. ‘बा, कुंद्रु’ एवढे म्हटले की आम्ही सगळे चटईवर. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि चटई गुंडाळली गेली ती गुंडाळलीच.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे ग्वाल्हेरला दोन महिने राहिले. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास जिथे पडली, तिथे आजचे लष्कर वसले. तिथली कितीतरी मराठी घरे तेव्हापासूनची. पण शेजारच्या मराठी घरातली मुलेही आपसात हिंदीच बोलतात. माझ्या नातवाचे तसेच. मराठी कळते, कन्नड चार शब्द, बोलणे हिंदी. रोज प्रार्थना सुरू करू या म्हटले, तर जावई म्हणाले, “आई, करू या. पण कुठल्या भाषेत?” प्रश्न खरा होता. पणजीची कन्नड आणि टिळकांची मराठी, दोन्ही या मुलापाशी थांबणार का, हीच माझ्या मनातली भीती होती.

तेव्हा मला पुण्याच्या आश्रमाबद्दल वाचलेले आठवले. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. 1927 मध्ये इंग्लंडहून आणखी तरुण येऊन मिळाले. त्यांतच व्हेरियर एल्विन होते, जे पुढे मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये जाऊन राहिले. पुण्यात शिवाजीनगरला आश्रम उभा राहिला. अंगावर खादी, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, ठरल्या वेळी उपासना आणि ठरल्या वेळी मौन. याच विन्स्लोंनी 1923 मध्ये नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. टिळकांनी स्वतःही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला होता. त्यांच्या भजनांमुळे मराठी ख्रिस्ती माणसाला अभंगाच्या चालीवर आपला देव आळवता आला.

पुढे आश्रमातली माणसे कमी होत गेली. 1972 मध्ये तो पुन्हा उभा केला तो बायकांनी. अँग्लिकन आणि कॅथलिक अशा दोन पंथांच्या सिस्टर एकाच छपराखाली राहू लागल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पारशी घरातून आलेल्या वंदना माताजी आणि शंकराचार्यांच्या अभ्यासक सारा ग्रँट त्यांत होत्या. त्याआधी 1969 मध्ये रोमने भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी 12 बदलांना मान्यता दिली होती. जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, पंचांग प्रणाम, आरती यांना त्यामुळे वाट मिळाली. वंदना माताजींनी तर ख्रिस्ती नामजपावर 1984 मध्ये पुस्तकच लिहिले. श्वासाबरोबर देवाचे एक नाव, पुन्हा पुन्हा, बाकी काही नाही.

हे वाचलेले मी ग्वाल्हेरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात वापरून पाहिले. संध्याकाळी साडेसातला चटई. मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर. आधी दोन मिनिटे गप्प बसायचे आणि मनात येशूचे नाव घ्यायचे. मग शास्त्रातला एक छोटा भाग नातवाने हिंदीतून वाचायचा. त्यानंतर सासूबाईंची प्रार्थना कन्नडमध्ये, मी म्हणायची. शेवटी एक मराठी भजन, सगळ्यांनी. गप्प बसण्याला कुणाचीच हरकत नव्हती. ‘मौन’ हा शब्द तरी तिन्ही भाषांत एकच आहे!

पहिल्या आठवड्यात नातू चुळबुळ करायचा, एक डोळा उघडून घड्याळ बघायचा. दोन दिवस पाहुणे आले म्हणून बुडाले. जावयांना ऑफिसातून उशीर झाला की आम्ही तिघेच बसायचो. पण वेळ बदलली नाही. महिनाभराने दोन मिनिटांची पाच झाली. एका संध्याकाळी नातवाने विचारले, “आज्जी, पणजी जो बोलती थी, उसका मतलब क्या है?” मी एकेका कन्नड शब्दाचा अर्थ सांगितला. त्याने तो वहीत देवनागरीत लिहून घेतला. मी निघाले तेव्हा पहिल्या दोन ओळी त्याला पाठ होत्या.

ज्यांच्या घरी हे सुटले आहे त्यांना अनुभवाने एवढेच सांगते. सुरुवात दोन मिनिटांनी करा, अर्ध्या तासाने नको. वेळ आणि जागा रोज तीच ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बसा, त्यावरून घरात बोलाचाली नको. मुलांना ऐकायला लावण्यापेक्षा वाचायला द्या. आणि घरातल्या ज्येष्ठांना येत असलेली प्रार्थना, मग ती कुठल्याही धर्माची, कुठल्याही भाषेतली असो, ते आहेत तोवर उतरवून घ्या. सासूबाईंची प्रार्थना मला पाठ होती म्हणून ती ग्वाल्हेरपर्यंत पोहोचली.