आकाशयाने केवढी करावीत?

दिवाळीत अंगणात होणारा किल्ला आठवून पाहा. बुरूज वीतभर उंच, त्याचा दरवाजा बोटभर आणि त्या दरवाजावर पहारा करणारा मातीचा मावळा चांगला ३ इंचांचा! हा गडी आत शिरणार कसा, असा प्रश्न लहानपणी कोणालाच पडत नाही. मलाही पडला नव्हता. तो पडला थेट कॉलेजात आल्यावर, आणि तोही किल्ल्यामुळे नव्हे, तर अंतराळयानांमुळे.

आधी किल्ल्याचाच हिशेब सांगतो. साडेपाच फुटी माणूस ३ इंचांचा केला म्हणजे प्रमाण झाले एकास बावीस. आता समोरच्या समुद्रातला आपला सिंधुदुर्ग घ्या. तटाची उंची सुमारे ३० फूट. ती १६ इंचांवर आली, इथवर ठीक. पण तटाचा घेर सुमारे ३ किलोमीटर. तो होतो १३६ मीटर! मावळ्याला शोभेल असा सिंधुदुर्ग बांधायचा तर आमचे घर, शेजाऱ्यांचे घर आणि मधली विहीर तटाच्या आत घ्यावी लागेल. म्हणून अंगणातले किल्ले खोटे बोलतात आणि आपण ते आनंदाने ऐकून घेतो.

आम्ही चार मित्र गेल्या वर्षापासून टेबलावर अंतराळयुद्धाचा खेळ खेळतो. बुद्धिबळासारखी चौकटी नाहीत. यान सरकवायचे ते पट्टीने मोजून. याने विकतची नव्हेत, घरी केलेली. संपलेल्या बॉलपेनच्या नळ्या, टूथपेस्टची झाकणे, जाळ्याचे फुटके बोये, बिघडलेल्या घड्याळाची चक्रे, करवंटीचे तुकडे, आणि हे सारे धरून ठेवणारा फेव्हिकॉल. प्रत्येक यान लाकडी चकतीत रोवलेल्या काडीवर बसवलेले असते.

प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे याने केली आणि तिथेच बिनसले. एकाचे ‘लहान’ टेहळणी यान दुसऱ्याच्या ‘महानौके’पेक्षा लांब होते, कारण त्याला बोया मोठा मिळाला होता. त्या यानाला दोन्ही बाजूंनी लांब पंख होते. शत्रूचा मारा त्याच्या पंखाच्या टोकापर्यंत पोचला, मुख्य अंगापर्यंत नाही. मारा लागला की नाही? यावर असे भांडण झाले की आमच्यातला एक जण दोन आठवडे बोलत नव्हता. हसू येईल, पण चार जणांतला एक गेला की खेळ संपतो, आणि तो तर माझा पहिलीपासूनचा सोबती. म्हणून मी वही घेऊन हिशेबाला बसलो.

प्रथम खरी याने घेतली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची लांबी १०९ मीटर, अमेरिकेच्या स्पेस शटलची ३७ मीटर, आपल्या ‘एलव्हीएम-३’ या प्रक्षेपकाची उंची साडेत्रेचाळीस मीटर. एकास हजार हे प्रमाण धरले तर मीटरचा मिलिमीटर होतो, गुणाकार-भागाकार काहीच नको. स्थानक ११ सेंटीमीटरांचे, शटल पावणेचारांचे, प्रक्षेपक जरा मोठा. छान! पण २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेला ‘विक्रम’ सुमारे २ मीटर रुंद. तो झाला राईच्या दाण्याएवढा. आणि मित्राच्या कल्पनेतली ६०० मीटरांची महानौका ६० सेंटीमीटरांची. ती ठेवल्यावर टेबलावर दुसऱ्याला जागा कुठली?

इथे मला शाळेतले घनमूळ उपयोगी पडले. हा आयुष्यात त्याचा पहिलाच उपयोग. यान लांबीने दुप्पट केले की रुंदीही दुप्पट आणि उंचीही दुप्पट होते, म्हणजे वजन आठपट. उलट पाहिले तर दुप्पट वजनाचे यान लांबीने सव्वापटच असावयास हवे. म्हणून आम्ही यानांचे वर्ग लांबीवरून न लावता वजनावरून लावले. सर्वांत लहान यान ३ सेंटीमीटरांचे. त्याच्या आठपट वजनाचे ६, सत्तावीसपट वजनाचे ९ आणि चौसष्टपट वजनाचे १२ सेंटीमीटरांचे. चौसष्टपट बलाढ्य नौका, पण टेबलावर एक वीतभरसुद्धा नाही!

हाच हिशेब आपल्या आरमाराला लावून पाहिला. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे असे, दोन डोलकाठ्यांचे १५० टनांपर्यंत, तर मोठ्यात मोठे गलबत क्वचितच ७० टनांच्या वर जाई. गलबत ५ सेंटीमीटरांचे केले तर मोठे गुराब ८ सेंटीमीटरांचे पुरे. अर्थात दोघांची घडण सारखी असेल तरच. चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत अंगाने सडपातळ असणार, तेव्हा त्याला थोडी लांबी जास्त द्यावी. घनमूळ सुरुवात करून देते. पुढचे डोळ्यांनी ठरवायचे.

आता अंतरांचे. आमचे टेबल म्हणजे टेबल-टेनिसचे, पावणेतीन मीटर लांब. एकास हजार या प्रमाणात ती जागा होते पावणेतीन किलोमीटरांची. अंतराळ स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने फिरते. ते एका सेकंदात अशी पावणेतीन टेबले ओलांडील. खेळणार केव्हा? तेव्हा अंतराचे प्रमाण निराळेच धरावे लागते. आम्ही १ सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोमीटर धरले. गंमत अशी की त्या मापाने पृथ्वी होते पावणेतेरा सेंटीमीटरांची, म्हणजे एका नारळाएवढी, आणि चंद्र साडेतीन सेंटीमीटरांचा, सोललेल्या सुपारीहून थोडा मोठा. पण ही सुपारी नारळापासून ३ मीटर ८४ सेंटीमीटर दूर! नारळ टेबलाच्या एका टोकाला ठेवला तरी चंद्र टेबलाबाहेर मीटरभर पलीकडे, खिडकीपाशी. तो आम्ही तिथेच ठेवतो.

मग ११ सेंटीमीटरांचे यान या मापाने ११,००० किलोमीटरांचे होते, जवळजवळ पृथ्वीएवढे! याचा अर्थ इतकाच, की टेबलावरचे यान हे यान नव्हेच. यान म्हणजे खालच्या काडीचे टोक. वरचे सारे आपल्याला ओळखता यावे म्हणून. एकदा हे पटले आणि पंखांचे भांडण मिटले. अंतर काडीपासून काडीपर्यंत मोजायचे, पंख कितीही लांब असोत. गेलेला मित्र परत आला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी लांब पंखांचे यान घेऊन आला.

पुढे वाचनात आले की ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडात फ्रेड जेन याने १८९८ साली आरमारी युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला, तर १९१३ साली एच. जी. वेल्सने शिशाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. दोघेही विज्ञानकथा लिहिणारे, हे विशेष! नौकांच्या खेळात आजही एकास बाराशे किंवा एकास तीन हजार अशा प्रमाणाच्या नौका वापरतात आणि समुद्राचे माप पुष्कळदा वेगळेच धरतात.

एवढा हिशेब झाल्यावर मी माझी नवी महानौका मोठ्या अभिमानाने घरी मांडून ठेवली. आमचे बाबा होड्या बांधणारे सुतार. शाळा चौथीपर्यंत. कागदावर नकाशा न काढता, तळाचे मुख्य लाकूड एकदा ठरले की बाकी सारी होडी त्याच्या हिशेबाने डोळ्यांसमोर उभी करणारे. त्यांनी यान हातात घेऊन फिरवले आणि विचारले, “ह्या केवढा?”

“एकशे वीस मीटर.”

“मगे हेच्यात माणूस खंय रवता? दार खंय आसा?”

मला उत्तर देता येईना. १२ सेंटीमीटरांचे ते यान नुसते पाहणाऱ्याला १२० मीटरांचे वाटेल किंवा ३ मीटरांचे. सांगणारे त्यावर काहीच नव्हते. मोठेपणा दाखवायचा तर त्यावर लहान काहीतरी हवे, आणि तेही पाहणाऱ्याला ओळखीचे. दार, खिडकी, कठडा. एकास हजार प्रमाणात २ मीटरांचे दार २ मिलिमीटरांचे होते. मी सुईने टोचून खिडक्यांच्या रांगा केल्या, ठिपक्याएवढी दारे रंगवली. तेच यान, तीच लांबी, पण आता ते खरोखर अजस्र दिसू लागले. उलट मित्राच्या यानावर शर्टाचे बटण खिडकी म्हणून चिकटवले होते. त्यामुळे त्याची महानौका रिक्षाएवढी वाटे. बटण काढून टाकले.

चार दिवसांनी पाहतो तो माझ्या यानाच्या पोटाला एक शिडी चिकटवलेली. माडाच्या हिराची, कानशीने घासलेली, पायऱ्या अगदी एकसारख्या, दोन-दोन मिलिमीटरांवर. बाबांनी रात्री बसून केली असावी. हिशेबाने पाहू जाता प्रत्येक पायरी २ मीटरांवर येते, म्हणजे ती चढायला माणूस माडाएवढा हवा. मित्रांनी हे लगेच दाखवून दिले. शिडी अजून तिथेच आहे, आणि बाबांना मी प्रमाण सांगितलेले नाही.