देवरुखच्या मावशी

‘माय मरो आणि मावशी जगो’ अशी एक म्हण आपल्या मराठीत आहे. वर्गात ती सांगितली, की मुली हटकून हसतात. मावशीच्या मायेचे कौतुक, एवढाच तिचा अर्थ त्यांना ठाऊक असतो. मलाही पुष्कळ वर्षे तेवढाच ठाऊक होता. पुढे कोकणातल्या काही घराण्यांचे कुलवृत्तांत चाळण्याचा योग आला आणि या म्हणीचा दुसरा अर्थ उमगला. एकेका पुरुषाच्या नावाखाली ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ अशा नोंदी. त्या पहिलीचे काय झाले असेल? कितीदा तरी ती बाळंतपणातच गेलेली असे. मग तिचे तान्हे पोर मावशीच्या मांडीवर येई. कधी तर तीच मावशी त्याची सावत्र आई होऊन घरात येई. आई मरणारच असे जणू धरून चालणाऱ्या समाजाने ही म्हण घडविली आहे!

रत्नागिरी जिल्ह्यात अशी एक मावशी होऊन गेली, की तिने या म्हणीचा पूर्वार्धच पुसून टाकण्याचा ध्यास घेतला. देवरुखच्या इंदिराबाई हळबे त्या ह्या. पण ‘इंदिराबाई’ म्हणून त्यांना हाक मारणारे थोडेच. साऱ्या पंचक्रोशीच्या त्या ‘मावशी’.

इंदिराबाईंना वैधव्य अकाली आले. त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेच्या वाट्याला काय येई, हे जाणत्या वाचक-भगिनींना सांगावयास नको. हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही, डोहाळजेवणात तिने पुढे व्हावयाचे नाही, ओटी भरावयाची तर गोष्टच दूर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राबणे आणि दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घालणे, एवढेच तिचे जग. इंदिराबाईंनी मात्र परिचारिकेचे शिक्षण घेतले. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात सेवेला विचारांची जोड मिळाली, आणि शहरातल्या इस्पितळातली बेताची नोकरी धरून बसण्याऐवजी त्यांनी देवरुखची वाट धरली.

परिचारिकेचा पेशा तेव्हा पांढरपेशा घरांना मानवणारा नव्हता. परक्याच्या अंगाला हात लावावा लागतो, रात्रपाळी करावी लागते, आणि शिवाशीव तर पाळताच येत नाही! रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातर्फे मुलींना या शिक्षणाकडे वळविले, तेव्हाही नाके मुरडणारे कमी नव्हते. त्या स्वतः विधवा होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घराने ज्यांना मंगल कार्यातून दूर सारले, त्यांच्यातूनच पुष्कळदा बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहणारे हात निघाले.

देवरुख हे संगमेश्वर तालुक्याचे ठाणे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. आज रत्नागिरीहून गाडीने निघाले, की दीड-दोन तासांत माणूस तेथे पोहोचतो. परंतु सत्तर वर्षांपूर्वीचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. पऱ्हे दुथडी भरून वाहत आहेत, साकव वाहून गेला आहे, कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत, आणि घरात सून दोन दिवस अडलेली. तिला डोलीत घालून न्यावयाचे, तर चार खांदेकरी हवेत. आणि ते मिळाले, तरी न्यावयाचे कोठे?

देशाचे चित्रही याहून निराळे नव्हते. १९४६ साली भोर समितीने आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या परिचारिका होत्या अवघ्या सात हजार. सुमारे ४३ हजार माणसांमागे एक! आणि हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत असत.

अशा वेळी, १९५४ साली, मावशींनी देवरुखला ‘मातृमंदिर’ सुरू केले. मंदिर म्हणजे काय, तर दोन खाटांचे प्रसूतिगृह. दोनच खाटा! पण त्या दोन खाटांपाशी काय घडत होते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

गावची सुईण अनुभवी असे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बाळंतिणीची खोली अंधारी, धुराने कोंदलेली. नाळ कापावयास विळा नाही तर हाती लागेल ती सुरी. वर राख, क्वचित शेणही. त्यातून तान्ह्याला धनुर्वात होई आणि आठवडा सरतो न सरतो तोच पाळणा रिकामा होई. लोक म्हणत, सटवीने नेले. आईला सूतिकाज्वर येई. लोक म्हणत, बाहेरची बाधा झाली. शिकलेल्या परिचारिकेपाशी यावर जादू नव्हती. साबणाने धुतलेले हात, उकळलेले पाते, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड, एवढीच तिची सामग्री. शिवाय वेळेचे भान: नाडी कधी मंदावते, रक्तस्राव कधी हाताबाहेर जातो, डॉक्टरला कधी गाठलेच पाहिजे, याची पारख.

हे सारे कागदावर सोपे दिसते. अवघड असते ते माणसांचे मन वळविणे. पहिले बाळंतपण माहेरी, आणि तेही घरच्याच खोलीत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती सोडून परक्या खाटेवर लेकीला कोण पाठवील? त्यासाठी नुसते शिक्षण पुरत नाही. गावात राहावे लागते, दारोदार जावे लागते, मध्यरात्रीच्या हाकेला ओ द्यावी लागते. डॉक्टरीणबाई म्हटले, की माणसे अदबीने चार हात दूर उभी राहतात. मावशी म्हटले, की मनातले बोलतात. जे घरात सासूला सांगता येत नाही, ते मावशीला सांगता येते. लोकांनी इंदिराबाईंना दिलेले हे नाव नुसते लाडाचे नव्हते. विश्वासाची ती पोचपावती होती.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सेवाभावी माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली; परंतु ती गेली, की त्यांच्यामागे आठवणी उरतात आणि काम विझते. मावशींनी तसे होऊ दिले नाही. प्रसूतिगृहाचे रुग्णालय झाले. निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभे राहिले. बालवाड्या, परिचारिकांचे शिक्षण, शेतीचे प्रयोग, अशा शाखा फुटत गेल्या. मुळात एका परिचारिकेला शेतीशी काय कर्तव्य? पण बाळंतीण पांढरीफटक का आली, याचे उत्तर शोधत गेले, की वाट तिच्या घरच्या रिकाम्या मडक्यापाशी आणि वरकस जमिनीपाशीच जाऊन पोहोचते.

१९९८ साली मावशी गेल्या. त्याच वर्षी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. डोलीच्या काळात सुरू झालेले त्यांचे काम आगगाडीच्या काळापर्यंत आले आणि त्यांच्यामागेही चालू राहिले.

आता आकडे पाहा. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते. भोर समितीचा आकडा याच मापाने मांडला, तर तो दोन हजारांच्या घरात जातो. औषधे आली, रस्ते आले, सरकारी योजना आल्या, हे खरेच. पण त्या योजना ज्यांच्या पावलांनी वाडीवस्तीवर पोहोचल्या, त्या परिचारिकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?

आपल्या घरोघरी जन्मपत्रिका असतात. तीत घटका-पळे असतात, ग्रह असतात, पित्याचे नाव आणि गोत्र असते. पण ज्या बाईने त्या जीवाला पहिल्यांदा हातात झेलले, तिचे नाव लिहिण्यासाठी पत्रिकेत घर नाही. या दिवाळीत फराळाला सारे जमाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एवढेच विचारा: आमच्या वेळी तुमच्या उशापाशी कोण होते? बहुतेकींना ते नाव आठवेल. ते ऐका, आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा.