बुकिंगनंतर क्रूझचं भाडं उतरलं? त्याच पैशात बाल्कनीची केबिन मिळू शकते, कशी ते वाचा

मायामीहून सुटणाऱ्या कॅरिबियन क्रूझची बिनखिडकीची केबिन तुम्ही सहा महिने आधी बुक केली. आता बाल्कनीची केबिनही त्याच भावात दिसतेय. मग पैसे बुडाले का? तसं नाही.

कळीची तारीख : पूर्ण रक्कम भरण्याची शेवटची तारीख. अमेरिकी कंपन्यांमध्ये ती साधारणपणे प्रवासाच्या ७५ ते १२० दिवस आधी असते.

त्याआधी : बहुतेक कंपन्या नव्या दराने बुकिंग बदलून देतात. फरक परत घ्या किंवा त्यातून वरच्या श्रेणीची केबिन मागा. एजंटमार्फत बुकिंग असेल, तर बदलही सहसा त्यालाच करावा लागतो.

त्यानंतर : पैसे सहसा परत मिळत नाहीत. पण केबिन रिकाम्या असतील, तर अपग्रेड किंवा जहाजावर खर्चायचं क्रेडिट मिळू शकतं. तो हक्क नाही, त्यामुळे फोन करून विनंती करावी लागते.

इथे फसू नका : नव्या दरात आधीच्या ऑफरमधलं वाय-फाय किंवा ड्रिंक्स पॅकेज जाऊ शकतं. त्यामुळे एकूण हिशेब मांडा. घाईने बुकिंग रद्द करू नका. डिपॉझिट नॉन-रिफंडेबल असेल, तर ते बुडेल. आधी नवा दर लेखी घ्या, मगच होकार द्या.