गिटारवादकाच्या पायांशीं : थोडकें बरें कीं पुष्कळ?

गेल्या हिंवाळ्यांत एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत माझा सतरा वर्षांचा नातू विजेची गिटार घेऊन रंगमंचावर उभा राहिला. पहिलें गीत निर्विघ्न पार पडलें. दुसऱ्याच्या आरंभीं त्यानें पायाजवळची एक कळ दाबली, आणि गिटार एकाएकीं मुकी झाली. तारा हालत होत्या, बोटें चालत होतीं, परंतु कर्ण्यांतून ध्वनि म्हणून निघेना. पोरगा गुडघे टेंकून पायांशीं असलेल्या फळीवरच्या दहा डब्या आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी एकामागून एक चांचपूं लागला. चार मिनिटें गेलीं. भरल्या सभेंत चार मिनिटांची शांतता किती लांब असते हें, जो कधीं व्यासपीठावर भाषण विसरला असेल, त्यालाच ठाऊक! अखेर त्यानें ती फळी बाजूस सारली, गिटारची वायर सरळ अँप्लिफायरला जोडली आणि उरलेला कार्यक्रम कसाबसा पुरा केला.

त्या फळीस ‘पेडलबोर्ड’ असें म्हणतात. तिच्यासाठीं निम्मे पैसे मीं आपल्या पेन्शनींतून दिले होते. तेव्हां त्या फजितींत माझाहि वांटा होताच. मी स्वतः वादक नव्हें. प्राथमिक शाळेंत अंकगणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु मास्तरकीची खोड जात नाहीं. हें बिघडलें कां, इतक्या डब्यांची गरज होती काय, आणि होती तर किती, हे प्रश्न मीं नातवास विचारले. कांहीं वाचलें, कांहीं त्याच्याजवळ बसून करून पाहिलें. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें. आपल्याहि घरांत असा एखादा वादक असेल, आणि आज ना उद्यां तो आपणांकडे पैसे मागावयास येईल. त्या वेळीं काय विचारावें, एवढें जरी आपणांस समजलें तरी पुरे.

प्रथम विजेच्या गिटारीची रचना पाहूं. साध्या गिटारीचा नाद तिच्या पोकळ पेटींत घुमतो. विजेच्या गिटारीस बहुधा अशी पोकळ पेटी नसते. तिच्या तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. पोलादी तार थरारली म्हणजे त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. तो वायरीवाटें अँप्लिफायरकडे जातो, तेथें बळावतो आणि कर्ण्यांतून नाद होऊन बाहेर पडतो. पेडल म्हणजे या वाटेवर बसविलेलें एक नाकें होय. कळ दाबली कीं प्रवाह त्यांतून रूप पालटून पुढें जातो; पुन्हां दाबली कीं पूर्ववत् चालूं लागतो. दोन्ही हात तारांत गुंतलेले असल्यामुळें हें काम पायांकडे आलें. संगीत नाटकांतील ऑर्गनवाल्याचा भाता पायांकडे असे, तसेंच हें.

पेडलें शेंकड्यांनीं मिळतात, परंतु त्यांचीं मुख्य कुळें चारच. पहिलें कूळ नाद खरखरीत करणारें : फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन हीं त्यांतलीं नांवें. ध्वनिलहरीचे माथे छाटले असतां मूळ सुरांत नसलेले नवे उपस्वर उत्पन्न होतात व नाद भरदार, कधीं कधीं फाटल्यासारखा होतो. दुसरें कूळ सुरांतील कांहीं अंश उचलून धरणारें व कांहीं दाबणारें. पायानें वरखालीं हालवावयाचें ‘वा-वा’ पेडल यांतलें. त्याचा आवाज माणसानें तोंड उघडमीट करावें तसा येतो. तिसरें, सुरास लहरविणारें : कोरस, फेझर इत्यादि. चौथें, प्रतिध्वनि देणारें : डिले व रिव्हर्ब. यांशिवाय ट्यूनर नांवाची एक डबी असते. ती नाद मुळींच बदलीत नाहीं. तार सुरांत आहे कीं नाहीं एवढेंच सांगते.

या शास्त्राचा आरंभ मोठा गमतीचा आहे. १९६१ सालीं अमेरिकेंत मार्टी रॉबिन्स या गायकाचें ‘डोंट वरी’ हें गीत प्रसिद्ध झालें. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा नाद यंत्रांतील बिघाडामुळें चिरकला. परंतु तो कानांस नवा वाटल्यामुळें तसाच ठेवण्यांत आला. तेथील तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी योजना पुढें तयार केली, आणि १९६२ सालीं ‘मायेस्ट्रो फझ-टोन’ ही डबी बाजारांत आली. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या कीथ रिचर्ड्स यांनीं ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतांत ती वापरली, आणि मग तिची कीर्ति जगभर झाली. १९६७ सालीं वा-वा पेडल विक्रीस आलें. १९७७ सालीं जपानच्या ‘बॉस’ या नांवानें सुटसुटीत पेडलें निघूं लागलीं. डबी लहान झाली तशी एका फळीवर अनेक मांडण्याची सोय झाली, आणि सोय झाली कीं हौस आलीच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. थोडकीं पेडलें बरीं कीं पुष्कळ? थोर वादकांचे दाखले दोन्ही बाजूंस सांपडतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ वृंदाचे अँगस यंग रंगमंचावर पेडलांच्या नादीं लागत नाहींत. गिटार व अँप्लिफायर एवढ्यावरच त्यांचा भर. अमेरिकेचे डेरेक ट्रक्स हेहि बहुधा गिटार सरळ अँप्लिफायरलाच जोडतात. जिमी हेंड्रिक्स १९६९ सालीं वुडस्टॉकच्या महोत्सवांत वाजवावयास उभे राहिले तेव्हां त्यांच्या पायांशीं मुख्यत्वें तीनच साधनें होतीं : वा-वा, फझ फेस आणि युनि-व्हाइब. उलटपक्षीं, ‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिल्मोर व आयर्लंडच्या ‘यू-टू’ वृंदाचे ‘एज’ या नांवानें प्रसिद्ध असलेले वादक यांचा पसारा मोठा आहे. परंतु तो डामडौल नव्हे. एज यांच्या वादनांत प्रतिध्वनि हा चालीचाच एक अवयव असतो. मिनिटास १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. प्रतिध्वनि पाऊण मात्रेनें, म्हणजे एक हजारांश सेकंदाच्या मापानें ३७५ वर, परत येईल असा लावला, तर वाजविलेले सूर आणि परतणारे सूर एकमेकांच्या मधल्या जागा भरतात, आणि एका वादकाच्या ठिकाणीं दोघे वाजवीत असल्याचा भास होतो. हें पेडल काढून घेतलें तर चालच मोडते.

तात्पर्य, थोरांकडे पाहून संख्या ठरवितां येत नाहीं. मग कशावरून ठरवावी? माझ्या मतें, प्रत्येक पेडलाबरोबर कोणता खर्च घरांत येतो तें आधीं मोजावें. पैशाचा खर्च उघडच आहे. दुसरे चार खर्च सहसा दिसत नाहींत.

पहिला खर्च जोडांचा. तीन पेडलांस चार वायरी लागतात, म्हणजे आठ टोंकें. दहा पेडलांस अकरा वायरी, म्हणजे बावीस टोंकें. हीं सारीं सांखळीच्या कड्यांसारखीं एकामागें एक असतात. एक तुटलें कीं सर्व स्तब्ध. समजा, प्रत्येक टोंक शंभरांत नव्याण्णव वेळां भरंवशाचें आहे. मग आठ टोंकें शंभरांत सुमारें ब्याण्णव वेळां धड राहतील, परंतु बावीस टोंकें सुमारें ऐंशींच वेळां! हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पण भरंवसा कसा झिजत जातो तें यावरून दिसतें.

दुसरा खर्च नादाचा. गिटारींतून निघणारा प्रवाह दुबळा असतो, आणि लांब वायरींतून जातांना सुरांतील तीव्र, झगझगीत अंश मंदावतो. पेडलें वाढलीं कीं वायरींची लांबीहि वाढते. यावर ‘बफर’ हा उपाय आहे. तो प्रवाहास पुढील वाट चालण्याचें बळ देतो, आणि कित्येक पेडलांत तो मुळांतच असतो. तथापि जुन्या घाटाच्या फझला आपल्या आधीं बफर बसविलेला मानवत नाहीं. त्यास गिटारीशीं थेट गांठ हवी असते. म्हणजे एका दुखण्यावरील औषध दुसऱ्यास बाधतें.

तिसरा खर्च विजेचा. बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात, परंतु त्यांची भूक सारखी नसते. साध्या ओव्हरड्राइव्हला थोडे मिलिअँपिअर पुरतात. एखाद्या डिजिटल डिलेला शंभर, दोनशें किंवा त्याहूनहि अधिक लागतात. सर्वांची बेरीज पुरवठ्याहून वाढली तर पेडलें नीट चालत नाहींत, आणि एकाच वायरीवर सर्वांस टांगलें तर पुष्कळदां गुणगुण ऐकूं येते. म्हणून जेथें प्रत्येकास स्वतंत्र फांटा मिळतो असा पुरवठा घ्यावा, आणि प्रत्येक पेडलावर लिहिलेला आंकडा व धन-ऋण टोंकांची खूण वाचल्याखेरीज जोडणी करूं नये.

चौथा खर्च वेळेचा, आणि मला तोच सर्वांत जड वाटतो. तीन पेडलांचीं चालू-बंद अशीं आठ रूपें होतात. दहांचीं एक हजार चोवीस. शिवाय क्रम बदलला कीं नाद बदलतो. आधीं नाद खरखरीत करून मग त्याचा प्रतिध्वनि काढला तर प्रत्येक प्रतिध्वनि निराळा ऐकूं येतो. उलट केलें तर सर्वांचा काला होतो. तीन पेडलांचे क्रम सहा; दहांचे ३६,२८,८००. नातवाच्या एका तासाच्या रियाजांत पंचवीस मिनिटें खुंट्या पिळण्यांत जात असत, हें मीं घड्याळ समोर ठेवून पाहिलें आहे. तीं पंचवीस मिनिटें बोटांची होतीं.

हें सर्व ऐकून आपण म्हणाल, कीं मास्तरांचा कौल थोडक्या पेडलांस. तसें नाहीं. त्या रात्रीं फळी बाजूस सारल्यावर जीं तीन गीतें झालीं, त्यांपैकीं दोन चांगलीं उठलीं. तिसरें मात्र साफ पडलें, कारण त्याची सारी उभारणी प्रतिध्वनीवर होती. घरीं परततांना नातू एवढेंच म्हणाला, “आजोबा, डिले काढला कीं तें गाणंच उरत नाहीं.” त्याचें म्हणणें बरोबर होतें, आणि मला उत्तर सुचलें नाहीं.

ज्या वादकाला एका कार्यक्रमांत अनेक प्रकारचीं गीतें वाजवावीं लागतात, त्यास मोठा संच लागतोच. पण मग तो नेटका असावा. अर्ध्या सेकंदाच्या मात्रेंत तीन पेडलें बदलण्याची कसरत पायांस करावयास लावण्यापेक्षां ‘लूप स्विचर’ घ्यावा. त्यांत एका कळीनें ठरविलेलीं पेडलें एकदम वाटेवर येतात, आणि नको असलेलीं आपल्या वायरींसकट वाटेबाहेर राहतात. त्यामुळें सांखळीहि आंखूड होते. नवशिक्यास अनेक नाद चाखून पाहावयाचे असतील तर सर्व कांहीं एका डबींत असलेलें मल्टि-इफेक्ट यंत्र सोयीचें. त्यांत जोड थोडे असतात. मात्र तें बिघडलें तर सर्वच बिघडतें, आणि त्याची मांडणी शिकण्यास सवड काढावी लागते.

आम्हीं काय केलें तें सांगतों. प्रथम दोष शोधला. गिटार सरळ अँप्लिफायरला जोडून तीं दोन्हीं धड असल्याची खात्री केली. मग तिची वायर मधल्या, म्हणजे सहाव्या पेडलांत घातली. आवाज आला असता तर दोष पहिल्या पांचांत ठरला असता. तो आला नाहीं, म्हणून दोष पुढच्या अर्ध्यांत. नंतर आठव्यांत घातली, आवाज आला. अशा रीतीनें दर खेपेस निम्मी वाट बाद करीत गेलें असतां दहा पेडलांतील दोष चार-पांच खेपांत सांपडतो. सातव्या व आठव्या पेडलांमधील वीतभर वायरीचा डाख सुटलेला निघाला. ही युक्ति रंगमंचावर ठाऊक असती तर चार मिनिटें लागलीं नसतीं.

नंतर एक कागद घेतला. डावीकडे त्याच्या वृंदाचीं नऊ गीतें लिहिलीं, वरच्या बाजूस दहा पेडलें. ज्या पेडलावांचून गीत ओळखूंच येत नाहीं तेथें फुली. ज्यावांचून नुसतें फिकें वाटतें तेथें टिंब. फुली एकहि न मिळालेलीं सहा पेडलें महिनाभर कपाटांत ठेवलीं. उरलीं चार : ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, वा-वा व डिले. ट्यूनरास फुली मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बेसूर वाद्यास कोणतेंहि पेडल तारीत नाहीं. महिन्याच्या शेवटीं कपाटांतलें एक कोरस परत फळीवर आलें, कारण नव्या गीतांत त्याचें काम निघालें. बाकीचीं पांच विकलीं. निम्मे मोल आलें. तो तोटा आम्हीं दोघांनीं निम्मानिम्म वांटून घेतला. राहिलेल्या पैशांतून स्वतंत्र फांट्यांचा वीजपुरवठा आणि तीन जादा वायरी घेतल्या.

तेव्हां, श्रोतेहो, आपला मुलगा वा नातू पेडलासाठीं पैसे मागूं लागला तर ‘किती घेणार?’ असें विचारूं नका. ‘कोणत्या गीतांत त्यावांचून अडतें?’ एवढें विचारा. त्याला उत्तर देतां आलें तर खुशाल द्या, मग तें पेडल तिसरें असो वा तेरावें. उत्तर देतां आलें नाहीं तर महिनाभर थांबावयास सांगा. आमच्या घरीं सध्यां पांच पेडलें आहेत, आणि रियाजाचा तास पुन्हां बहुतांशीं बोटांकडे आला आहे. पुढील स्नेहसंमेलन हिंवाळ्यांत आहे. त्या वेळीं मी पुढच्याच रांगेंत बसणार आहें, आणि एक जादा वायर माझ्या खिशांत असेल.