शेजारी शुक्र, पण पाऊल मंगळावर

बंगळुरूत चिकपेटहून मेट्रोची हिरवी लाइन थेट पीण्याला जाते. २४ सप्टेंबर २०१४ ला भारताचं 'मंगळयान' मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा त्याची सूत्रं तिथल्या इस्रोच्या केंद्रातून हलत होती. खरं तर शुक्र आपल्याला मंगळापेक्षा जवळ. तरी माणूस पाठवायचा विषय निघाला की शुक्राचं नाव कुणी काढत नाही.

कारण उघड आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअसची भट्टी आणि पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त वायुदाब. शिसंही तिथे वितळेल. १९८२ मध्ये उतरलेलं सोव्हिएत 'व्हेनेरा-१३' यान तिथे जेमतेम दोन तास तगलं, आणि तेच कौतुकाचं! गुरू-शनीवर तर उतरायला जमीनच नाही.

मंगळही काही माहेर नव्हे. हवा अगदी विरळ, तीही बहुतांश कार्बन डायऑक्साइडची. शिवाय कडाक्याची थंडी आणि किरणोत्सर्ग. पण दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, जमिनीखाली बर्फ, आणि थंडीवर कपड्यांचा, हीटरचा इलाज चालतो. भट्टीवर इलाज अवघड. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' या यानावरच्या एका उपकरणाने तिथल्याच हवेतून थोडा ऑक्सिजनही काढून दाखवला. अडचण परतीची: पृथ्वी-मंगळ सोयीच्या स्थितीत साधारण २६ महिन्यांनी येतात, त्यामुळे गेलेल्याला बहुधा वर्षभराहून जास्त मुक्काम ठोकावा लागेल.