उचियामा गुडो : कर्मविपाकाला प्रश्न विचारणारा भिक्खू

गरिबाने आपल्या दारिद्र्याचे कारण कोठे शोधावे, पूर्वजन्मीच्या पापात की आजच्या समाजरचनेत, हा प्रश्न आम्हा आंबेडकरी बौद्धांना नवा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या ग्रंथाच्या (१९५७) प्रास्ताविकात आत्मा, कर्म व पुनर्जन्म यांच्याविषयीची समस्या आवर्जून मांडली आहे. जपानमधील एका तरुण भिक्खूने हाच प्रश्न १९०८ साली शेतकऱ्यांपुढे ठेवला होता. त्याच्या जीवनाची ओळख करून देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

उचियामा गुडो यांचा जन्म १७ मे १८७४ रोजी निगाता प्रांतातील ओजिया येथे झाला. १८९७ मध्ये त्यांनी सोतो झेन संप्रदायाची दीक्षा घेतली व १९०४ मध्ये ते हाकोनेच्या डोंगरातील रिन्सेन-जी या विहाराचे प्रमुख झाले. विहाराचा भार जेमतेम चाळीस गरीब कुटुंबांवर होता. अंगणात टेंभुर्णीच्या जातीचे एक आणि चेस्टनटचे एक अशी दोन फळझाडे होती. त्यांची फळे गुडो दर शरद ऋतूत गावकऱ्यांना समान वाटून देत, अशी आठवण गावाने जपली आहे. खाजगी मालमत्ता न ठेवणाऱ्या भिक्खुसंघाचे सहजीवन हाच त्यांना समाजाचा आदर्श वाटे. सर्व प्राणिमात्र समान आहेत, या बौद्ध वचनांतूनच आपण समाजवादाकडे आलो, असे त्यांनी १९०४ मध्ये 'हेइमिन शिंबुन' या समाजवादी साप्ताहिकात लिहिले.

त्या काळी जपानी कुळाला पिकाचा सुमारे अर्धा वाटा खंड म्हणून जमीनदाराला द्यावा लागे, मुलगा सक्तीने सैन्यात जाई आणि सम्राट हा सूर्यदेवतेचा वंशज म्हणून पूजला जाई. १९०८ मध्ये सरकारने समाजवाद्यांची धरपकड केली, तेव्हा गुडो यांनी बुद्धमूर्तीच्या वेदीखालच्या जागेत छापण्याचे साहित्य लपवून एक पुस्तिका छापली. तिच्या सुमारे एक हजार प्रती निघाल्या. तुमचे दारिद्र्य हे मागील जन्मीच्या दुष्कर्मांचे फळ आहे, असे सांगणाऱ्यांवर विसाव्या शतकातही विश्वास ठेवाल, तर तुमच्यात आणि बैलाघोड्यांत काय फरक उरला, असा तिचा आशय होता. खंड देऊ नका, सैन्यात भरती होऊ नका व सम्राटाला देव मानू नका, असेही तिने सांगितले.

मे १९०९ मध्ये त्यांना अटक झाली. विहाराच्या झडतीत स्फोटकांचे साहित्य सापडले व त्यांना शिक्षा झाली. पुढे त्यांना सम्राटाविरुद्धच्या कथित कटाच्या खटल्यात गोवण्यात आले. हा खटला बंद दाराआड चालला. जानेवारी १९११ मध्ये चोवीस जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांपैकी बाराजणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. या खटल्यात गुडो यांच्यासह चार बौद्ध धर्मगुरू दोषी ठरले. बहुतेक आरोपींविरुद्ध कटाचा ठोस पुरावा नव्हता, असे इतिहासकार आज मानतात. २४ जानेवारी १९११ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, गुडो फासावर गेले.

आम्हांस अधिक विचारप्रवृत्त करते ती त्यांच्या संप्रदायाची वागणूक. सोतो संप्रदायाने १९०९ मध्ये त्यांचे विहारप्रमुखपद काढून घेतले आणि १९१० मध्ये, अंतिम निकाल लागण्यापूर्वीच, त्यांना बहिष्कृत केले. राजसत्तेची मर्जी राखणे हे त्या धर्मपीठाला आपल्या भिक्खूच्या पाठीशी उभे राहण्याहून महत्त्वाचे वाटले. मृत्यूनंतर ८२ वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच संप्रदायाने त्यांची प्रतिष्ठा पुनःस्थापित केली. त्याआधी १९९२ मध्ये, युद्धकाळात सत्तेला दिलेल्या साथीबद्दल संप्रदायाने जाहीर पश्चात्तापही व्यक्त केला होता.

स्फोटकांचा मार्ग हा बुद्धाचा मार्ग नव्हे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील भाषणात बुद्ध व मार्क्स यांची तुलना करताना हिंसेचा मार्ग नाकारला, हे आम्ही विसरत नाही. परंतु गुडो यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. पीडिताला 'हे तुझेच कर्म' म्हणून गप्प बसविणारा धर्म अन्यायाचा रखवालदार होतो, मग तो स्वतःला कोणत्याही नावाने संबोधो. विहारात येणाऱ्या दुःखिताला आपण कोणते उत्तर देतो, यावरच आपला धम्म पारखला जाईल.